अक्युरा एमडीएक्स २०२२: इंजिन तेच, मग बदललं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्याकडे २०१६ ची अक्युरा एमडीएक्स आहे, म्हणजे होंडाच्या महागड्या ब्रँडची तीन रांगांची एसयूव्ही, आणि तिचे ९४ हजार मैल झालेत. मुलं दोन, एक सात वर्षांचं, एक चार. आई-बाबा नाशिकहून एप्रिलमध्ये न्यू जर्सीला येतात आणि ऑक्टोबरपर्यंत राहतात, त्या काळात घरात सहा माणसं असतात. लीजवरून परत आलेली २०२२ ची एमडीएक्स तुम्ही डीलरकडे पाहिलीत आणि आवडली. पण तुमचा मित्र म्हणतो, इंजिन तेच ३.५ लिटर व्ही-सिक्स, ताकद तीच २९० हॉर्सपॉवर, म्हणजे नुसता चेहरा बदललाय, कशाला पैसे घालवता? मिनीव्हॅन घ्यायची नाही हेही तुम्ही लिहिलंय.

मित्राचा आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. शिवाय तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. गाडी खरोखर नव्याने घडवली का, हा एक. तुमच्या सहा माणसांची सोय त्याने होते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी ठामपणे हो असं देईन. दुसऱ्याचं उत्तर कोण कुठे बसणार यावर आहे आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

मी मिशिगन आणि ओहायोमध्ये बरीच वर्षं गाड्यांच्या आतल्या जागेची आखणी करते आहे. आमच्याकडे या कामाला पॅकेजिंग म्हणतात. माणसाचं नितंब नेमकं कुठे टेकेल, टाच कुठे येईल, पेट्रोलची टाकी आणि सायलेन्सरचा पाइप कुठून जाईल, मागचं चाक खड्ड्यात वर उचललं गेलं तर सीटच्या खाली किती जागा उरेल, हे सगळं एकाच धातूच्या पेटीत बसवायचं असतं. एमडीएक्सवर मी काम केलेलं नाही, पण तीन रांगांच्या इतर गाड्यांवर केलंय, त्यामुळे कुठला इंच कुठे खर्च झाला हे वाचता येतं.

एमडीएक्स २००१ च्या मॉडेल वर्षात आली. पुढच्या पिढ्या २००७, २०१४ आणि २०२२ च्या. तुमची गाडी तिसऱ्या पिढीतली, जी २०२० पर्यंत चालली. मॉडेल वर्ष २०२१ ची एमडीएक्स नाहीच. चौथी पिढी फेब्रुवारी २०२१ मध्ये शोरूममध्ये आली, पण २०२२ चं मॉडेल म्हणून. कुणी २०२१ ची म्हणून विकत असेल तर व्हीआयएन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळखक्रमांक) तपासल्याशिवाय पुढे बोलू नका.

तिसऱ्या पिढीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १११ इंच होता, चौथीचा ११३.८ झाला. लांबी २०२० च्या गाडीच्या १९६.२ वरून १९८.४ इंचांवर गेली. जाहिरात वाचणाऱ्याला वाटतं, चला, आत पावणेतीन इंच जागा वाढली. तसं होत नाही. पुढची चाकं डॅशबोर्डपासून दूर, पुढे सरकवली आहेत आणि बॉनेट लांब दिसेल अशी रचना केली आहे. इंजिन अजूनही आडवंच बसतं, म्हणजे यांत्रिक गरजेपोटी एवढ्या लांब बॉनेटची सक्ती नव्हती. ती दिसण्यासाठी आहे. महागडी गाडी म्हटली की लोकांच्या नजरेला चाक आणि दरवाजा यांच्यात अंतर हवं असतं. माझ्यासारखीला ते इंच मागच्या रांगेला द्यावेसे वाटतात, हे प्रामाणिकपणे सांगते. पण याच जागेचा एक चांगला उपयोगही झाला, तो म्हणजे पुढचं सस्पेन्शन.

तुमच्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात शॉक अॅब्सॉर्बर दोन कामं करतो: धक्का जिरवतो आणि चाकाला उभं धरून ठेवण्याचा भारही घेतो. स्वस्त, आटोपशीर, उत्तम रचना आहे, म्हणूनच बहुतेक कौटुंबिक गाड्यांत असते. पण वळणावर बाजूचा भार आला की तो दांडा थोडा अडकत सरकतो, आणि गाडी कलली की टायरही रस्त्यावरून कलतो. २०२२ मध्ये एमडीएक्सला पहिल्यांदाच पुढे डबल विशबोन मिळालं. यात चाकाला धरण्याचं काम खालच्या आणि वरच्या अशा दोन आर्म करतात आणि शॉक अॅब्सॉर्बर फक्त धक्का जिरवतो. गाडी कलली तरी टायर रस्त्यावर जास्त सपाट राहतो, लहान धक्के स्टीअरिंगपर्यंत कमी पोहोचतात. ही रचना महाग असते आणि जागा खाते. होंडाने तिसऱ्या पिढीचा सांगाडा आपल्याच पायलट या एसयूव्हीशी वाटून घेतला होता. २०२३ ची पायलटही याच नव्या कुळातल्या सांगाड्यावर आली, पण तिला पुढे स्ट्रटच ठेवला. म्हणजे डबल विशबोनचा खर्च अक्युराने मुद्दाम केला. गाडीच्या सांगाड्याची पीळ न खाण्याची क्षमता ३२ टक्क्यांनी वाढली, हा कंपनीचा आकडा आहे. असे आकडे कसे मोजले यावर बरंच अवलंबून असतं, पण गाडी चालवल्यावर पेटी घट्ट झाल्याचं कळतं. टर्नपाइक महामार्गावर पुलांचे सांधे लागतात तिथे लक्ष देऊन ऐका. तुमची गाडी दोनदा दणका देते, पुढे एक आणि नंतर मागे एक, आणि डॅशबोर्डवर हलकी थरथर उरते. नवी तिथे लवकर शांत होते.

मित्राच्या हॉर्सपॉवरच्या हिशेबात यातलं काहीच दिसणार नाही.

गिअरबॉक्सही बदलला. २०१६ ला, म्हणजे नेमका तुमच्या वर्षी, एमडीएक्सला झेडएफ कंपनीचा नऊ गिअरचा बॉक्स आला. आडव्या इंजिनाशेजारी मावावा म्हणून त्यात काही ठिकाणी नेहमीच्या घर्षणाच्या क्लचऐवजी दातेरी क्लच वापरलेत, चौथ्या-पाचव्या आणि सातव्या-आठव्या गिअरच्या मध्ये. दात एकमेकांत बसायचे तर दोन्ही भागांचा वेग आधी जुळावा लागतो. त्यासाठी संगणक क्षणभर थांबतो आणि तो क्षण चालवणाऱ्याला पायाखाली जाणवतो. रॅम्पवरून पार्कवे महामार्गावर शिरताना पेडल दाबल्यावर गाडी विचार करत बसते असं तुम्ही लिहिलंय, त्याचा बराचसा खुलासा इथे आहे. २०२२ मध्ये होंडाचा स्वतःचा दहा गिअरचा बॉक्स आला. तो गरज पडली की दहाव्यावरून सरळ सहाव्यावर उतरतो. इंजिनाची ताकद तीच, पण मागितल्यावर ती किती लवकर हाती येते यात फरक आहे.

ऑल व्हील ड्राइव्हही पुढची पिढी आहे. मागच्या चाकांकडे ७० टक्क्यांपर्यंत जोर जातो आणि तो सगळा डाव्या किंवा उजव्या एकाच चाकाला देता येतो. तुमच्या गाडीचं तत्त्वही तेच, नवीत ते जलद आणि अधिक जोर पेलणारं आहे. जानेवारीत बर्फाळ चढावर उपयोग होईल, एरवी फारसं कळणार नाही. ब्रेक आता तारेवरचे आहेत: तुम्ही पेडल दाबता, संगणक दाब ठरवतो. पहिले दोन दिवस पेडल वेगळं वाटेल. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग मात्र मला मनापासून आवडली. तिला दोन बाजू आणि मध्ये झोळीसारखा पडदा आहे, जेणेकरून तिरकी धडक बसली तर डोकं घसरून बाजूला न जाता आत झेललं जावं. अशा गोष्टी शोरूममध्ये कुणी दाखवत नाही.

आता मित्राच्या बाजूचंही बोलते, कारण त्याला माहीत नसलेले मुद्दे त्याच्या बाजूने आहेत. नवी गाडी जुनीपेक्षा तीनशे पौंडांच्या आसपास जड आहे. इंजिन तेच, वजन जास्त, म्हणजे सरळ रस्त्यावर ती तुमच्या गाडीपेक्षा चपळ नाही. मायलेजही वाढलेलं नाही: ऑल व्हील ड्राइव्हचा सरकारी एकत्रित आकडा २०२० ला गॅलनमागे २२ मैल होता, २०२२ ला २१ आहे, आणि पेट्रोल प्रीमियमच सुचवलंय. सर्वांत वाईट म्हणजे हायब्रिड गेली. २०१७ ते २०२० या काळात एमडीएक्स स्पोर्ट हायब्रिड मिळायची, ३२१ हॉर्सपॉवर आणि गॅलनमागे २७ मैल. नव्या पिढीत तिच्या जागी ३५५ हॉर्सपॉवरची टाइप एस आली, जी वेगवान आहे, हवेच्या सस्पेन्शनवर चालते आणि गॅलनमागे १९ मैल देते. घरच्या गाडीची पुनर्रचना करताना असा निर्णय घ्यावा हे मला आजही पटत नाही. मुलांना शाळेत सोडणाऱ्या, दिवसभर सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला हायब्रिडचाच उपयोग सर्वाधिक होतो.

आता तुमच्या घराकडे येते.

तिसऱ्या रांगेची जागा पत्रकावर लेगरूम म्हणून छापतात. नव्या एमडीएक्सचा आकडा २९.१ इंच आहे. हा आकडा एकटा फसवतो. मोठ्या माणसाला मागे किती वेळ बसवेल हे मुख्यतः बसायची उंची ठरवते, म्हणजे टाच टेकते तिथपासून नितंबापर्यंतचं उभं अंतर. तिसऱ्या रांगेखाली मागचं सस्पेन्शन असतं, टाकीचा भाग असतो, म्हणून जमीन वर येते. छप्पर मागे उतरतं, म्हणून सीट वर घेता येत नाही. दोन्हीमध्ये सापडलेल्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात आणि मांड्या सीटवरून उचलल्या जातात. सगळं वजन कमरेवर येतं. सत्तरीच्या माणसाला वीस मिनिटांत हे सोसेनासं होतं, मग लेगरूम कितीही छापलेलं असो. आमच्या कामात हे अंतर दहा मिलिमीटरने वाढवायलाही महिने जातात, कारण प्रत्येक मिलिमीटर छप्पर, टाकी किंवा सामानाच्या जागेतून चोरावा लागतो.

चौथ्या पिढीत तिसरी रांग सुधारली आहे, पण ती मुलांची जागा आहे. आई-बाबांना तिथे बसवायचा विचार असेल तर नव्या गाडीसाठी एक डॉलरही जास्त देऊ नका.

तुमचा प्रश्न दुसऱ्या रांगेत सुटतो. नव्या एमडीएक्सच्या दुसऱ्या रांगेतली मधली सीट पाडून हात ठेवायला घेता येते किंवा उचलून पूर्ण बाहेर काढता येते. काढली की दोन स्वतंत्र सीट उरतात आणि मधून मागे जायला वाट होते. सहा माणसांचं गणित असं बसतं: पुढे तुम्ही दोघं, मध्ये आई आणि बाबा, मागे मुलं, आणि मुलांना मागे पाठवताना आजी-आजोबांना उठवावं लागत नाही. आपल्याकडे इनोव्हात सगळे हेच करतात, मधल्या दोन खुर्च्या थोरांच्या आणि मागे पोरं. तुमच्या २०१६ मध्ये मधली सीट निघत नाही. तिथे मागे जायला दुसरी रांग सरकवावी लागते, म्हणजे बाबांनी आधी उतरायचं, मुलांनी चढायचं, मग बाबांनी परत बसायचं. पाऊस असेल तर पार्किंगमध्ये ही कवायत किती नकोशी होते हे तुम्हाला सांगायला नको.

यात एक अडचण आहे. न्यू जर्सीच्या नियमाने आठ वर्षांखालचं आणि ५७ इंचांहून कमी उंचीचं मूल कार सीटवर किंवा बूस्टरवरच (मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर) बसायला हवं. तुमची दोन्ही मुलं त्यात येतात. सात वर्षांचं मूल बूस्टरवर बसून पट्टा स्वतः लावू शकेल. चार वर्षांच्या मुलाच्या पाच पट्ट्यांच्या सीटचं बक्कल मात्र मोठ्या माणसाने लावावं लागतं, आणि तिसऱ्या रांगेत ते मधल्या वाटेत ओणवं होऊन करावं लागेल. ज्याची पाठ धरते त्याने हे करू नये. दुसरा पर्याय असा: धाकटं मूल दुसऱ्या रांगेत आजीशेजारी, थोरलं मागे, आणि बाबा पुढे. मग तुमच्यापैकी एकजण मागच्या रांगेत. पन्नास मैलांच्या आतल्या फेरीला हे चालतं, नायगाराला जाताना चालणार नाही.

सामानाचं गणित तर बहुतेक जण गाडी घेतल्यावरच करतात. तिसरी रांग उघडी असताना मागे सोळा घनफुटांच्या आसपास जागा उरते. विमानात चालणारी ६२ इंची (लांबी, रुंदी आणि उंची मिळून) मोठी बॅग सुमारे चार घनफुटांहून थोडी जास्त असते. आई-बाबा प्रत्येकी दोन अशा चार बॅगा घेऊन उतरले तर झाले सतरा घनफूट, आणि बॅगा काही पाण्यासारख्या कोपऱ्यात शिरत नाहीत. म्हणजे सहा माणसं आणि चार बॅगा एका खेपेत नेवार्कहून घरी येणार नाहीत, जुन्या गाडीत नाही आणि नव्यातही नाही. विमानतळावर एकाच मोठ्या माणसाने जायचं आणि तिसरी रांग पाडायची, किंवा छतावर पेटी लावायची. याच कारणासाठी गाडी बदलत असाल तर थांबा.

इथवरचं थोडक्यात: चालवण्याचा अनुभव, गिअर आणि सुरक्षितता यांत २०२२ ची गाडी खरोखर वेगळी आहे. सहा जणांना बसवण्याची सोय मधल्या वाटेमुळे नक्की सुधारते. मायलेज आणि सामान यांत तुम्हाला फार काही मिळत नाही.

आता तुमच्या जुन्या गाडीचं, कारण तुलना तिच्याशी आहे. या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवायला टायमिंग बेल्ट आहे, साखळी नाही. साधारण एक लाख मैल किंवा सात वर्षं, जे आधी होईल त्याप्रमाणे तो बदलायचा असतो. तुमचे मैल अजून झाले नाहीत, पण वर्षं केव्हाच उलटून गेली. हा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं मोठं नुकसान होतं. मागच्या मालकाने किंवा तुम्ही तो बदलल्याची पावती नसेल तर गाडी ठेवा की विका, निर्णय होईपर्यंत लांबच्या प्रवासाला ती नेऊ नका. बेल्ट बदलताना वॉटर पंप आणि टेन्शनर त्याच वेळी बदलून घ्या, कारण उघडण्याची मजुरीच मोठी असते. सगळं मिळून हजार ते दीड हजार डॉलर धरा. गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं तेलही बदलून घ्या. हे केलं आणि बाकी गाडी ठीक असेल तर तुमची एमडीएक्स आणखी बरीच वर्षं चालायला हरकत नाही. तिच्यात कारप्ले, म्हणजे आयफोन गाडीच्या पडद्यावर वापरायची सोय, नाही (ते २०१८ ला आलं), पण तेवढ्यासाठी गाडी बदलायला नको.

म्हणून माझा सल्ला परिस्थितीनुसार दोन प्रकारचा आहे. आई-बाबा दरवर्षी सहा महिने असणार असतील आणि आठवड्यात दोन-तीनदा सहाही जण एकत्र निघत असतील, मंदिर, मॉल, मित्रांची घरं, तर २०२२ घ्या, मधली वाट रोज उपयोगी पडेल. ते एखाद-दोन वर्षांआड येत असतील किंवा मुख्यतः घरीच राहणार असतील, तर बेल्ट बदला आणि जुनी ठेवा. मोठ्या माणसांना तिसऱ्या रांगेत नियमित बसावं लागणार असेल तर एमडीएक्सच नको. लेक्ससची टीएक्स बघा, २०२४ पासून मिळते, तिसऱ्या रांगेचं लेगरूम ३३.५ इंच आहे आणि हायब्रिडही आहे. महाग पडेल. मिनीव्हॅन नको म्हणालात तरी एकदा आई-बाबांना टोयोटा सिएनात बसवून बघा: सरकता दरवाजा, खाली असलेली जमीन, गॅलनमागे ३६ मैल. गुडघेदुखी असलेल्या माणसाला गाडीत चढताना कंपनीच्या बिल्ल्याचं काही वाटत नाही, पायरीच्या उंचीचं वाटतं.

२०२२ घ्यायचीच ठरली तर तीन गोष्टी तपासा. चाकं १९ इंची मिळाली तर ती घ्या. ए-स्पेक आणि अॅडव्हान्स या वरच्या प्रकारांवर २० इंची येतात, त्यांच्या टायरची भिंत बारीक असते आणि न्यू जर्सीचे मार्चमधले खड्डे तिला फार महागात पडतात. दुसरं, मधली सीट काढून ठेवलेली असेल तर ती डीलरकडे आहे ना ते बघा. लीजच्या गाड्यांत ती मागच्या मालकाच्या गॅरेजमध्ये राहून गेलेली असू शकते आणि वेगळी घ्यायला गेलात तर स्वस्त नसते. तिसरं, पडदा. २०२२ ते २०२४ च्या एमडीएक्सचा १२.३ इंची पडदा स्पर्शाला दाद देत नाही. तो दोन सीटच्या मधल्या टचपॅडवर बोट फिरवून चालवावा लागतो आणि टचपॅडवरची जागा पडद्यावरच्या जागेशी जुळवलेली असते. काहींना आठवड्यात सवय होते, काहींना कधीच होत नाही. २०२५ ला कंपनीने टचपॅड काढून नेहमीचा टचस्क्रीन दिला, यावरून काय ते समजा. गाडी उभी असताना तुम्ही दोघांनीही नकाशात एक पत्ता शोधून बघा, एकदा नाही, तीन-चारदा. चिडचिड झाली तर वर्षभर थांबून २०२५ ची वापरलेली शोधणं जास्त शहाणपणाचं, कारण सांगाडा, सस्पेन्शन आणि दहा गिअरचा बॉक्स दोन्हींत तेच आहे.

टेस्ट ड्राइव्हला जाताना दोन्ही कार सीट आणि घरातली सर्वांत मोठी बॅग घेऊन जा. सेल्समन कंटाळला तरी चालेल. पुढची सीट तुमच्या उंचीला लावा, मग दुसरी रांग बाबांच्या उंचीच्या माणसाला लावा, आणि त्यानंतरच मुलांना मागे बसवा. उलट क्रमाने केलं तर मागे नेहमीच भरपूर जागा दिसते.